दोर धरणाऱ्याचा श्वास

पूर्वी दक्षिणेच्या समुद्रकाठी शुक्तिपट्टण नावाचे नगर होते. तिथे अरिष्टसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्वाने मोती काढणाऱ्या पाणबुड्यांच्या कुळात जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव वेलक. तरुणपणी तो खोल पाण्यात उतरत असे. केस पिकल्यावर तो किनाऱ्यावरच्या पाणबुड्यांचा गुरू झाला आणि लहानथोर सगळे त्याला बाबा म्हणू लागले.

त्या किनाऱ्याची एक जुनी रीत होती. पाणबुड्या कमरेला दोर बांधून आणि पायाशी धोंडा घेऊन तळाला जाई. दोराचे दुसरे टोक होडीतल्या माणसाच्या हातात असे, आणि तो माणूस पाणबुड्याच्या बायकोचा भाऊच असावा लागे. ज्याच्या बहिणीचा संसार त्या दोराला बांधलेला आहे त्याचा हात ढिला पडणार नाही, असा त्यामागचा विचार होता. वेलकाने या रीतीत एका गोष्टीची भर घातली होती. खालचा माणूस पाण्यात शिरला की वरच्यानेही आपला श्वास रोखायचा. वरच्याचा श्वास सुटला की, खालून खूण येवो न येवो, दोर ओढायचा. वरच्याला सराव नसतो, त्याचा दम आधी संपतो. त्यामुळे खालच्याच्या छातीत नेहमी थोडा दम शिल्लक राही.

वेलक देत असे ती विद्या गुप्त होती. शिष्याने पुष्कळ दिवस श्वासाचा अभ्यास केला, की ओहोटीच्या वेळी त्याला ओल्या वाळूवर बसवून वेलक त्याच्या कानात एक वाक्य सांगे. ‘वर कोणीतरी तुझ्यासाठी श्वास धरून बसलं आहे.’ एवढेच. काहींना ते फार साधे वाटे आणि ते हिरमुसून घरी जात. ज्यांच्या ते आत उतरे त्यांचे वागणे हळूहळू बदले. शिंपल्यांच्या वाटणीवरून हातघाईवर येणारी माणसे आधी दुसऱ्याची टोपली पाहू लागली. आजारी पाणबुड्याच्या दारात त्याचा वाटा न सांगता येऊन पडू लागला. याहून मोठे फळ त्या विद्येला आहे असे वेलकाने कधी म्हटले नाही.

नगरात मात्र दुसऱ्याच विद्यांचा बोलबाला होता. चौकात एक जटाधारी तापस निखाऱ्यांवरून चालून दाखवी. दुसरा एक बंद मुठीत काय आहे ते अचूक ओळखी. पाणबुडे शिंपले विकायला गेले की लोक त्यांना हटकून छेडत.

“काय रे, तुमचा बाबा हवेत उडतो म्हणे?”

“उडत नाही,” एक पाणबुड्या म्हणाला, “पण तुला बुडवून दाखवील. येतोस?”

सगळे हसले. पाणबुड्यांमधला नंदिल मात्र हसला नाही. तो वेलकाचा सर्वांत गुणी शिष्य. त्याच्याइतका दम त्या किनाऱ्यावर दुसऱ्या कोणाचा नव्हता. त्या दिवशी टोपली तशीच घेऊन तो परत आला आणि जाळे विणत बसलेल्या वेलकापुढे येऊन उभा राहिला.

“बाबा, आपल्या विद्येत असं काहीच नाही का? दाखवता येईल असं?”

“आहे की,” वेलक म्हणाला. “फार वेळ खाली राहिलं, की डोळ्यांपुढे प्रकाश येतो. मोठा सुंदर असतो. कधी त्यात काही दिसतंही.”

नंदिल एकदम खाली बसला. “मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?”

“सांगतो ना आता. तो प्रकाश दिसला, की आपली वेळ संपली असं समजायचं आणि वर यायचं.”

“आणि त्यात दिसतं ते खरं असतं?”

वेलकाने हातातली गाठ पुरी केली. “कधी असतं, कधी नसतं. मी खूप वेळा पाहिला तो प्रकाश, नंदिल. त्याने माझा राग कमी झाला नाही. तो कमी झाला माझ्या मेहुण्यामुळे. माझ्यासाठी श्वास धरून धरून तो बिचारा होडीत खोकत बसायचा.”

नंदिलाने मान डोलावली, पण त्याच्या लक्षात त्यातला पहिलाच भाग राहिला.

नंदिलाचा दोर त्याच्या बायकोचा, सामलीचा धाकटा भाऊ गोमिल धरीत असे. गोमिल शांत होता, थोडा भित्रा, आणि भावोजींवर त्याचा फार जीव होता. एके दिवशी तळाशी नंदिलाचा दोर खडकात अडकला आणि तो सुटेपर्यंत जरा जास्तच वेळ गेला. वर आला तेव्हा नंदिलाचे ओठ निळे पडले होते आणि चेहरा आनंदाने फुलला होता.

“गोमिल, गलबतं येताहेत! राजाची गलबतं. उत्तरेकडून. पुढच्या गलबताची डोलकाठी मोडली आहे.”

“भावोजी, आधी श्वास घ्या,” गोमिल रडकुंडीला येऊन म्हणाला.

द्वीपांतराहून परतणाऱ्या त्या गलबतांची वाट सगळे दक्षिणेकडून पाहत होते. काही दिवसांनी ती आली ती उत्तरेकडून, आणि पुढच्या गलबताची डोलकाठी खरोखरच मोडलेली होती.

मग नगर किनाऱ्याकडे लोटले. काल छेडणारे आज हात जोडून उभे राहिले. पाणबुड्यांच्या विद्येत तथ्य आहे, असे चौकातला जटाधारीसुद्धा म्हणाला. राजाने वेलकाला आणि नंदिलाला वाड्यात बोलावून मानाचे आसन दिले.

“तुझी विद्या खरी ठरली,” राजा वेलकाला म्हणाला.

“महाराज, गलबतं दक्षिणेकडून आली असती तर ती खोटी ठरली असती का?”

“अर्थात.”

“मग महाराजांनी गलबतं खरी मानली. विद्येची ओळख अजून व्हायची आहे.”

राजाला हे बोलणे आवडले नाही, पण तो रागावलाही नाही. त्याचे मन दुसरीकडे होते. त्याचा एकुलता एक मुलगा, राजपुत्र, द्वीपांतराला गेला होता. परतलेल्या गलबतांमध्ये त्याचे गलबत नव्हते, आणि ते कुठे आहे हे कोणाला सांगता येत नव्हते. राजा आसनावरून उतरला आणि नंदिलाजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, “माझा मुलगा आहे की नाही, एवढंच बघून सांग.”

राजाच्या डोळ्यांत पाणी पाहून नंदिलही गहिवरला. तो म्हणाला, “सांगतो, महाराज.”

परतताना वेलक त्याला वाटेत म्हणाला, “तू त्यांना होकार द्यायला नको होतास.”

“बाबा, बापाचं काळीज आहे ते. आणि आपल्या विद्येला आता कुठे मान मिळतोय. तुम्हाला त्याचं काहीच नाही का?”

“आहे,” वेलक म्हणाला. “मला भीती वाटते.”

वेलकाने मग गोमिलाचे घर गाठले आणि त्याला समोर बसवून सांगितले, “कोणी काही म्हणो. रोज धरतोस तसाच श्वास धर. सुटला की ओढ.” गोमिल हो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, होडी ढकलताना, नंदिलाने त्याचा हात धरला.

“आज तू श्वास धरू नकोस. तुझा दम चिमणीएवढा. मला प्रकाश दिसायच्या आत तू ओढून काढशील. मी दोर हलवीन, तेव्हाच ओढ.”

“पण बाबा म्हणाले...”

“बाबांनी प्रकाश पाहिला आणि टाकून दिला. मी टाकणार नाही. माझ्यावर विश्वास आहे ना तुझा?”

या प्रश्नाला गोमिलाकडे एकच उत्तर होते.

राजा स्वतः होडीत बसला. किनारा माणसांनी भरून गेला होता. वेलक गुडघाभर पाण्यात उभा होता. दूरवर नंदिल पाण्यात शिरताना दिसला, तसा जुन्या सवयीने वेलकानेही श्वास रोखला. थोड्या वेळाने त्याचा श्वास सुटला. होडीत कोणी हलले नाही. त्याने पुन्हा श्वास भरून घेतला, आणि तोही सुटला. तो ओरडला, पण वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहत होता. होडीत गोमिल दोरावर नजर लावून, संथ श्वास घेत, खूण येण्याची वाट पाहत बसलेला होता.

खूण आली नाही. शेवटी गोमिलाने दोर ओढला तेव्हा तो फार जड लागला.

नंदिलाला होडीत घेतले. त्याचे डोळे उघडे होते. राजा त्याच्या छातीवर वाकला आणि विचारू लागला, “काही बोलला का? त्याने काही सांगितलं का?” गोमिल राजाकडे पाहत राहिला. मग त्याने दोन्ही हातांनी आपले तोंड दाबून धरले, जणू आता श्वास रोखून काही उपयोग होणार होता.

त्याच दिवशी राजाने दवंडी पिटवली की नंदिल मेलेला नाही, तो प्रकाशात लीन झाला. ती जागा पवित्र आहे, आणि तिथे दुसरा पाणबुड्या उतरेल. राजा खोटे बोलत होता असे नाही. त्याला ते खरे असायला हवे होते. तरुण पाणबुड्यांची तर उतरण्यासाठी चढाओढ लागली. आपल्या मेहुण्यांना ते हसून बजावू लागले, “तुम्ही आता खुशाल श्वास घ्या बरं का!”

वेलक सामलीकडे गेला. तिच्या अंगणात बायका बसल्या होत्या. गोमिलाला कोणी आत येऊ दिले नव्हते. तो कुंपणाबाहेर वाळूत बसून होता. सामली रडत नव्हती. वेलकाला पाहून ती उठली.

“बाबा, सगळे म्हणतात त्यांना प्रकाश मिळाला. तुम्ही सांगितलंत की माझा विश्वास बसेल. मिळाला ना?”

हो म्हणणे सोपे होते. त्या एका शब्दावर तिचे सगळे आयुष्य टेकले असते. वेलकाने तिच्याकडे पाहिले, मग कुंपणाबाहेर एकमेकांना ढकलत उभ्या असलेल्या तरुण पाणबुड्यांकडे पाहिले. तेही कान देऊन ऐकत होते.

“प्रकाश दिसला असेल, पोरी,” तो म्हणाला. “पण त्या प्रकाशाने तो मेलाही नाही आणि तरलाही नाही. त्याला दम पुरला नाही. तो बुडाला.”

सामलीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. “शिष्य म्हणे सर्वांत लाडका! आणि त्याच्यासाठी एक चांगला शब्द निघत नाही तुमच्या तोंडून? जा. माझ्या अंगणात उभे राहू नका.”

वेलक बाहेर आला. कुंपणाजवळ कोणीतरी म्हणाले, “म्हाताऱ्याला हेवा वाटतो, दुसरं काय!” आणि बाकीच्यांना ते पटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा होडी घेऊन आला. वेलक त्याच्यासमोर उभा राहिला. “महाराज, मी त्याचा गुरू. दुसऱ्या कोणाच्या आधी मी उतरतो.”

राजाच्या चेहऱ्यावर आशा उमटली. किनाऱ्यावर कुजबुज झाली. वेलकाचा मेहुणा केव्हाच वारला होता, आणि त्यानंतर तो खोल पाण्यात उतरला नव्हता.

“तुझा दोर कोण धरणार?” राजाने विचारले.

“गोमिल.”

एकच गलका झाला. “त्या करंट्याच्या हातात?” “बाबा, भावोजीला खाल्लं त्याने!” गोमिल वाळूत मागे मागे सरकत होता. वेलक त्याच्याजवळ गेला आणि अवघड गुडघ्यांनी खाली बसला.

“बाबा, नको. माझ्या हातात नको. मी मारलं त्यांना.”

“हो,” वेलक म्हणाला. “तुझी चूक झाली. माझीही झाली. मी तुला सांगून घरी निघून गेलो, तुझ्या शेजारी बसलो नाही.”

“माझा श्वास लागत नाही आता. कालपासून छातीत काही जातच नाही.”

“जेवढा लागेल तेवढा धर. माझं वय झालंय, मला तरी कुठे जास्त पाहिजे?”

गोमिल हसला नाही, पण त्याने हात पुढे केला, आणि वेलकाने दोराचे टोक त्यात दिले.

म्हातारा वेलक तळाला गेला. पाणी थंड होते. त्याच्या कानांत कळ आली, मग गेली. वाळूवर काही शिंपले पडले होते, ते त्याने सवयीने टोपलीत टाकले. वयामुळे त्याचा दम लवकर ओसरला, आणि प्रकाशही लवकर आला. तो पूर्वीसारखाच सुंदर होता. त्या प्रकाशात एक गलबत होते आणि गलबताच्या टोकाला कोणीतरी पाठमोरे उभे होते. थोडा वेळ थांबले असते, तर ते माणूस वळले असते. वेलकाला राजाचा चेहरा आठवला. एका बापाला उत्तर मिळाले असते. मग त्याला वर होडीत बसलेला गोमिल आठवला, ज्याच्या छातीत कालपासून काही जात नव्हते, आणि जो तरीही श्वास धरून होता. वेलकाने प्रकाशावरून नजर काढली आणि वर पाहिले. त्याच क्षणी दोर ताणला गेला.

होडीत गोमिल काळानिळा होऊन धापा टाकत होता. दम संपताच त्याने दोर ओढला होता, पण ओढतानाही श्वास घेतला नव्हता. वेलकाचे डोके पाण्याबाहेर आले तेव्हाच त्याने तोंड उघडले, आणि मग तो मोठ्याने रडू लागला.

राजाने वेलकाचे दोन्ही खांदे धरले. “दिसला?”

वेलक खोटे बोलू शकला असता. दिसले नाही, म्हणाला असता तर राजाची समजूत पटली असती.

“गलबत दिसलं, महाराज. त्यावर कोणीतरी पाठमोरं उभं होतं. मी चेहरा पाहिला नाही.”

“का?”

“वर हा माणूस माझ्यासाठी गुदमरत होता.”

राजा त्याच्याकडे पाहत राहिला. “एक क्षण,” तो म्हणाला. “फक्त एक क्षण आणखी थांबायला हवं होतंस.” मग तो राजा राहिला नाही. होडीच्या कडेवर डोके टेकून तो एखाद्या म्हाताऱ्या कोळ्यासारखा रडला. वेलकाने त्याच्या पाठीवर ओला हात ठेवला. राजाने तो झटकून टाकला.

“अशी विद्या काय कामाची?” तो म्हणाला. “बंद मुठीतलं ओळखणारा तापस तुझ्यापेक्षा बरा.”

“महाराज, काल ज्याच्या हातून माणूस गेला, त्याच्या हाताने आज माणूस वर आला. या विद्येजवळ दाखवायला एवढंच आहे.”

राजाने ऐकले की नाही कोण जाणे. वाड्यातून मानाचे आसन काढले गेले. पाणबुड्यांपैकी पुष्कळ जण चौकातल्या तापसांकडे गेले. राजपुत्राची बातमी पुढे कधीच आली नाही. नंदिल बुडाला त्या जागी मात्र पुन्हा कोणी उतरला नाही. गोमिलाला दोर ओढताना ज्यांनी पाहिले होते, त्यांना आपल्या मेहुण्यांना श्वास घ्या म्हणून सांगणे जमेना. वेलकाजवळ थोडेच शिष्य उरले. गोमिल त्यांच्यात होता. त्याला पुन्हा झोप लागू लागली, तो जेवू लागला, आणि ज्याला मेहुणा नाही अशा पाणबुड्याचा दोर आयुष्यभर त्यानेच धरला.

त्या दिवशी होडी किनाऱ्याला लागली तेव्हा सामली पाण्याच्या कडेला उभी होती. भावाकडे तिने पाहिले. तो जिवंत माणसासारखा रडतो आहे, हे तिला दिसले. मग ती वेलकाला म्हणाली, “तुम्ही वर आलात, बाबा.”

हातातली टोपली घेऊन वेलक तसाच उभा राहिला, आणि ती निघून गेली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा विहारात भिक्षूंना सांगितली, त्याला एक कारण झाले होते. उत्तरक नावाच्या भिक्षूला ध्यानात रंग आणि आकृती दिसत असत. इतर भिक्षू त्याच्याभोवती जमू लागले होते, आणि तो जेवणाची वेळही विसरू लागला होता. संघिल नावाचा दुसरा भिक्षू रोज जाऊन त्याचा खांदा हलवी आणि त्याला भोजनाला घेऊन येई. संघिलाला ध्यानात कधी काही दिसले नव्हते. आपल्यापुरता तरी हा धर्म खोटा असावा, असे मनाशी धरून तो संघ सोडून निघाला होता.

कथा संपवून शास्ता म्हणाले, “त्या वेळचा नंदिल हा आजचा उत्तरक. गोमिल हा संघिल. राजा अरिष्टसेन म्हणजे दाराशी बसलेला तो उपासक, जो मला रोज आपल्या हरवलेल्या मुलाविषयी विचारतो. सामली आज या सभेत भिक्षुणी होऊन बसली आहे. आणि वेलक मीच होतो.”

मागच्या ओळीतून एक वृद्ध भिक्षुणी उठली. आपण कोण ते तिला उमगले होते. तिने हात जोडून विचारले, “भगवन्, त्या बाईनं त्या म्हाताऱ्याला पुढे कधी क्षमा केली का?”



“त्या जन्मी नाही,” शास्ता म्हणाले.

भिक्षुणी खाली बसली. संघिल उठून उत्तरकाशेजारी जाऊन बसला. त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पूर्ण केली ती मैत्रीपारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता.